जॉन जे आणि गार्दोकी यांचा पत्रव्यवहार कसा वाचावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी आपण अमेरिकेचे परराष्ट्र सचिव जॉन जे आणि स्पेनचे दूत दिएगो दे गार्दोकी यांची १७८५-८६ मधील पत्रे वाचत आहात. त्यांत सौजन्याची वाक्ये आणि त्याच त्या मागण्या यांखेरीज फारसे काही हाती लागत नाही, आणि मग ३ ऑगस्ट १७८६ रोजी जॉन जे काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेपुढे, उभे राहून मिसिसिपी नदीतील जलवाहतुकीचा आग्रह पंचवीस-तीस वर्षे बाजूला ठेवावा असे एकदम सुचवतात. मधली पायरी कुठे गेली, स्पेनने त्यांना विकत घेतले होते का, आणि स्पेनच्या राजाने त्यांना दिलेल्या घोड्याचा अर्थ काय लावायचा, असे आपण विचारले आहे.

उत्तराआधी प्रश्नच थोडा वेगळा मांडतो. आपण मधली पायरी या दोघांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांत शोधत आहात, आणि तिथे ती सापडणार नाही. दोघेही न्यूयॉर्कमध्ये राहत होते, एकमेकांकडे जेवायला जात होते, वाटाघाटींसाठी समोरासमोर बसत होते. जे तोंडी सांगता येते ते मुत्सद्दी माणूस सहसा कागदावर उतरवत नाही. एकाच शहरात राहणारा दूत जेव्हा लेखी पत्र धाडतो, तेव्हा ते तिसऱ्या कोणाच्या तरी नजरेखाली जावे अशी त्याची इच्छा असते. अठराव्या शतकातील राजनैतिक पत्रव्यवहार वाचण्याचे आणि विद्यार्थ्यांकडून वाचून घेण्याचे काम मी बराच काळ करत आलो आहे. पत्रावर नाव कोणाचे आहे यापेक्षा त्याची नक्कल पुढे कोणाकडे जाणार होती हे आधी शोधावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. पेशवे दप्तरातील वकिलांची पत्रे ज्यांनी चाळली आहेत, त्यांना ही सवय आपोआप लागलेली असते. जॉन जे यांना आलेले पत्र काँग्रेसपुढे ठेवले जाणार हे गार्दोकी जाणून होते, आणि आपण दिलेले उत्तर माद्रिदला स्पेनचे मंत्री कोंदे दे फ्लोरिदाब्लांका यांच्याकडे जाणार हे जॉन जे जाणून होते.

दुसरी गोष्ट म्हणजे या दोघांची ओळख १७८५ मध्ये झालेली नव्हती. गार्दोकी हे बिल्बाओच्या व्यापारी घराण्यातले. न्यू इंग्लंडच्या बंदरांतून येणारा खारवलेला कॉड मासा घेणे हा त्या घराण्याचा जुना धंदा होता, आणि स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात याच पेढीमार्फत अमेरिकी बंडखोरांना शस्त्रे व इतर सामान पोहोचले. इंग्रजी उत्तम येत असल्यामुळे स्पेनच्या दरबाराने त्यांना दुभाषी आणि मध्यस्थ म्हणून वापरले. जॉन जे १७८० मध्ये स्पेनकडून मान्यता आणि कर्ज मिळवण्यासाठी माद्रिदला गेले, तेव्हा दरबाराने त्यांना अधिकृत दूत म्हणून स्वीकारलेच नाही, महिनोन्महिने ताटकळत ठेवले. त्या दिवसांत त्यांच्याशी बोलायला पाठवला जाणारा माणूस गार्दोकी होता. सप्टेंबर १७८० मध्येच गार्दोकी यांनी सुचवले होते की पैसे हवे असतील तर मोबदल्यात मिसिसिपीवरील हक्क देऊ करावा, आणि जॉन जे यांनी ते नाकारले होते. पुढे युद्धाची स्थिती बिकट झाल्यावर फेब्रुवारी १७८१ मध्ये खुद्द काँग्रेसनेच त्यांना तो आग्रह सोडण्याची मुभा दिली. त्यांनी तो देकार मांडलाही, पण स्पेनने तो सर्वसाधारण शांतता होईपर्यंत लांबणीवर टाकला तर अमेरिका त्याला बांधील राहणार नाही, अशी अट घातली. स्पेनने तेव्हा तो घेतला नाही. म्हणजे १७८६ चा प्रस्ताव आपल्याला वाटतो तितका अचानक आलेला नव्हता. हाच विषय, हीच दोन माणसे, सहा वर्षांपासून.

वादाचे मूळ भूगोलात आहे, तेही सांगून टाकतो. १७८३ च्या पॅरिस तहात ब्रिटनने अमेरिकेची दक्षिण हद्द ३१ अक्षांशावर मान्य केली, आणि मिसिसिपी उगमापासून समुद्रापर्यंत ब्रिटिश व अमेरिकी नागरिकांना खुली राहील असे आठव्या कलमात लिहून दिले. पण नदीचे मुख आणि न्यू ऑर्लिन्स बंदर स्पेनच्या ताब्यात होते, आणि युद्धात बर्नार्दो दे गाल्वेस यांनी मोबील व पेन्साकोला जिंकल्यामुळे फ्लोरिडाही स्पेनकडे गेला होता. ब्रिटनने आमच्या नदीतून दुसऱ्याला वाट कशी काय दिली, हा स्पेनचा सवाल होता, आणि १७८४ मध्ये स्पेनने नदीचा खालचा भाग अमेरिकी नौकांना बंद केला. केंटकीतल्या शेतकऱ्याला ॲपलाचियन डोंगर ओलांडून पीठ आणि तंबाखू पूर्वेला नेणे परवडत नव्हते. त्याचा माल नदीनेच खाली जायचा.

आता कागदपत्रांकडे वळू. गार्दोकी मे १७८५ मध्ये फिलाडेल्फियाला उतरले, आणि काँग्रेसने २५ ऑगस्ट १७८५ रोजी जॉन जे यांना दिलेल्या सूचना अशा होत्या की ३१ अक्षांशापर्यंतची हद्द आणि नदीतून समुद्रापर्यंत मुक्त जलवाहतूक या दोन्ही गोष्टी स्पेनकडून मान्य करून घ्याव्यात. गार्दोकी यांना माद्रिदहून मिळालेल्या आज्ञेत हद्दीच्या बाबतीत थोडीफार मोकळीक होती, पण नदीच्या बाबतीत मुळीच नव्हती. दोघांच्याही वरिष्ठांनी एकाच मुद्द्यावर हात बांधून ठेवले होते, आणि तो मुद्दा दोन्हीकडे नेमका तोच होता. अशा वेळी पत्रे पुन्हा पुन्हा तेच सांगणार. त्यात लेखकांचा आळस नाही की लपवाछपवी नाही. शिवाय न्यूयॉर्कहून माद्रिदला पत्र जाऊन उत्तर यायला कित्येक महिने लागत, त्यामुळे गार्दोकी बहुतेक वेळा जुन्याच आज्ञेवर काम करत असत. आपण एखाद्या पत्राची तारीख पाहता तेव्हा त्या दिवशी लिहिणाऱ्याच्या हातात कोणती सूचना पोहोचलेली होती, याची शेजारी नोंद करत चला. मी स्वतः वहीत तसा रकाना आखतो, आणि निम्म्याहून अधिक कोडी त्या एका रकान्यामुळे सुटतात.

या सगळ्या पत्रांत एक पत्र मात्र बारकाईने वाचण्यासारखे आहे, आणि ते म्हणजे गार्दोकी यांनी जॉन जे यांना लिहिलेले २५ मे १७८६ चे. आशय साधारण असा: ज्या नदीचे दोन्ही काठ आपल्या मालकीचे आहेत तिच्यातून महाराज कोणत्याही राष्ट्राला जहाजे हाकू देणार नाहीत, फ्लोरिडा महाराजांच्या शस्त्रांनी जिंकलेला आहे, म्हणून ब्रिटनने अमेरिकेला काय लिहून दिले याच्याशी त्यांना कर्तव्य नाही, मोरोक्कोच्या सुलतानाशी अमेरिकेचा तंटा मिटावा म्हणून महाराजांनी आपले वजन खर्च केले आहे, आणि स्पेनच्या बंदरांत अमेरिकी मालाला आज जी वागणूक मिळते ती तहावाचून कायम राहीलच असे नाही. मोरोक्कोचा उल्लेख उगाच आलेला नाही. १७८४ मध्ये मोरोक्कोच्या चाच्यांनी ‘बेट्सी’ हे अमेरिकी जहाज पकडले होते, आणि ते सुटण्यात स्पेनच्या मध्यस्थीचा हात होता. न्यू इंग्लंडच्या जहाजमालकांना ही गोष्ट चांगली लक्षात होती.

आता हे पत्र जॉन जे यांच्या दृष्टीने नव्हे, काँग्रेसमधील मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधीच्या दृष्टीने वाचून पाहा. नदीबद्दल ठाम नकार, मागोमाग मोरोक्कोची आठवण, आणि त्यामागे व्यापारावरचे सावट. जॉन जे यांना यातले काहीच नवे नव्हते, कारण महिनोन्महिने तेच तर तोंडी चालले होते. काँग्रेसपुढे ठेवता येईल असा कागद हवा होता, म्हणून हे पत्र लिहिले गेले, असे माझे मत आहे. दोघांच्या संगनमताने लिहिले गेले का, हे मात्र त्या पत्रावरून सांगता येत नाही, आणि कोणी तसे ठामपणे म्हणत असेल तर पुरावा मागावा. पण क्रम बोलका आहे. चारच दिवसांनी, २९ मे रोजी, जॉन जे काँग्रेसच्या अध्यक्षांना लिहितात की स्पेनशी चाललेल्या तहाच्या प्रत्येक मुद्द्यावर मला सूचना देण्याचा अधिकार असलेली समिती नेमावी. समितीत तिघे नेमले गेले: मॅसॅच्युसेट्सचे रूफस किंग, पेनसिल्व्हेनियाचे चार्ल्स पेटिट आणि व्हर्जिनियाचे जेम्स मन्रो. समितीच्या आडून जॉन जे यांना २५ ऑगस्टच्या सूचनेतून सुटका हवी आहे, हे मन्रो यांनी तत्काळ ओळखले. आपण शोधत असलेली पायरी ही आहे. जॉन जे यांची खरी वाटाघाट या टप्प्यावर गार्दोकी यांच्याशी नव्हे, आपल्याच काँग्रेसशी चालली होती.

३ ऑगस्टच्या निवेदनातला युक्तिवाद एका वाक्यात ‘नदी सोडा’ असा सांगितला जातो, आणि त्यामुळे त्याच्यावर अन्याय होतो. जॉन जे म्हणतात की हक्क सोडायचा नाही, फक्त तहाच्या मुदतीपुरता, म्हणजे पंचवीस किंवा तीस वर्षे, त्याचा वापर करायचा नाही. नदी आज आपल्या हातात नाही, स्पेन ती बंद ठेवून आहे, युद्धावाचून ती उघडणार नाही आणि युद्धाची आपली तयारी नाही. मग जे आज वापरताच येत नाही ते काही काळ न वापरण्याचे वचन देऊन बदल्यात व्यापार का मिळवू नये? बदल्यात मिळणारे आकर्षक होते: स्पेन आणि कॅनरी बेटांत अमेरिकी व्यापाऱ्यांना तिथल्या प्रजाजनांसारखी वागणूक, आणि राजाच्या आरमारासाठी लागणाऱ्या डोलकाठ्या व लाकूड अमेरिकेत रोख सोन्याचांदीने खरेदी करण्याचे आश्वासन. १७८६ साली अमेरिकेत रोख नाण्याची जी टंचाई होती ती लक्षात घेतली तर या शेवटच्या कलमाचे वजन कळते.

पण त्याच मसुद्यात तंबाखू वगळलेला होता, कारण स्पेनमध्ये तंबाखू हा राजाचा मक्ता होता. आता हे व्हर्जिनियाच्या प्रतिनिधीच्या जागी बसून वाचा. मासे, पीठ, लाकूड जाणार उत्तरेचे. तंबाखू जाणार नाही तो आमचा. आणि बंद राहणारी नदी आमच्या पश्चिमेकडच्या वसाहतींची. पश्चिमेच्या जमिनी विकून युद्धाचे कर्ज फेडण्याची आशाही त्या नदीला बांधलेली. मन्रो यांनी १२ ऑगस्टला व्हर्जिनियाचे गव्हर्नर पॅट्रिक हेन्री यांना लिहिलेले पत्र याच रागातून आले आहे. त्यात त्यांनी जॉन जे यांच्या हेतूंवर संशय घेतला आहे आणि उत्तरेकडच्या काही जणांच्या मनात संघराज्य मोडण्याचे विचार घोळत असल्याचेही कळवले आहे. ते पत्र जरूर वाचावे, पण पक्षकाराचे पत्र म्हणून.

२९ ऑगस्ट १७८६ रोजी मतदान झाले. उत्तरेकडच्या सात राज्यांनी जुनी सूचना मागे घ्यावी असे मत दिले, मेरीलँडपासून जॉर्जियापर्यंतच्या पाच राज्यांनी विरोध केला, डेलावेअर अनुपस्थित होते. इथे अनेक विद्यार्थी चुकतात आणि जॉन जे जिंकले असे लिहितात. त्या वेळच्या संघराज्याच्या करारानुसार कोणताही तह संमत व्हायला नऊ राज्यांची मते लागत. सातांच्या बळावर सूचना बदलता आली, तह होणे शक्य नव्हते. दक्षिणेच्या प्रतिनिधींनी हे तिथल्या तिथे सांगितलेही. चर्चा गुप्त होती, पण गार्दोकी यांच्या घरी काँग्रेसच्या सदस्यांची वर्दळ असे आणि आकड्यांचे हे गणित त्यांच्यापासून लपून राहण्यासारखे नव्हते. त्यानंतरच्या पत्रांत जो थंडपणा आपल्याला जाणवला, त्याचे कारण मला हेच दिसते. समोरचा माणूस सही करू शकेल, पण त्या सहीला मोल राहणार नाही, हे दोघांनाही कळून चुकले होते. सप्टेंबर १७८८ मध्ये काँग्रेसने मुक्त जलवाहतूक हा स्पष्ट आणि आवश्यक हक्क असल्याचा ठराव करून वाटाघाटी नव्या शासनाकडे सोपवल्या. त्याच वर्षी जूनमध्ये व्हर्जिनियाच्या अधिवेशनात पॅट्रिक हेन्री यांनी नव्या संविधानाविरुद्ध बोलताना हेच प्रकरण हत्यारासारखे वापरले होते. नदी प्रत्यक्षात उघडली ती ऑक्टोबर १७९५ च्या सान लोरेन्सोच्या तहाने, आणि तेव्हा स्पेनची युरोपातील अडचण वेगळीच होती.

आता विकत घेतल्याच्या प्रश्नाकडे येतो. गार्दोकी यांनी फ्लोरिदाब्लांका यांना पाठवलेल्या खलित्यांत जॉन जे यांचे जे वर्णन येते ते वाचून कोणाच्याही मनात शंका येईल. जॉन जे हे स्वतःवर खूश असलेले गृहस्थ आहेत, पत्नीवर त्यांचे आंधळे प्रेम आहे, तिच्या संमतीशिवाय पान हलत नाही, तिला मानपान आणि भेटवस्तू आवडतात, तेव्हा थोड्या हुशारीने दोघांची मैत्री मिळवता येईल, असा त्याचा मथितार्थ. पन्नाशीला आलेले गार्दोकी आपण राजाच्या हितासाठी या बाईंना नाचाच्या समारंभांना घेऊन जातो, हेही कळवायला विसरत नाहीत. मजकूर रंजक आहे यात शंका नाही. पण हे कोण कोणाला लिहितो आहे? मेजवान्यांवर राजाचा पैसा खर्च करणारा दूत, तो खर्च मंजूर करणाऱ्या मंत्र्याला. प्रत्येक काळातील प्रत्येक दरबाराचा दूत आपली छाप समोरच्यावर किती पडली आहे हे वाढवूनच सांगतो. या खलित्यांवरून गार्दोकी यांची कार्यपद्धती सिद्ध होते. जॉन जे त्या पद्धतीला बळी पडले हे सिद्ध होत नाही.

माझी कसोटी साधी आहे. एखाद्या माणसाचे मत लाचेने बनले असे म्हणण्याआधी, ज्याला लाच मिळालेली नाही अशा कोणाचे तेच मत होते का, ते पाहावे. या प्रकरणात असा माणूस खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन आहे. काँग्रेसमधील व्हर्जिनियाचे प्रतिनिधी हेन्री ली यांना लिहिलेल्या २६ जुलै १७८६ च्या पत्रात ते म्हणतात की मिसिसिपीचा प्रश्न आत्ता रेटण्यात फायदा नाही. आधी पश्चिमेच्या वसाहती आणि अटलांटिक किनारा यांच्यात व्यापाराचे मार्ग बांधले जावेत. वॉशिंग्टन व्हर्जिनियाचे होते, पोटोमॅक नदीच्या कालव्याच्या कंपनीत त्यांचा जीव गुंतलेला होता, त्यामुळे त्यांचेही हितसंबंध होतेच. पण ते स्पेनने पेरलेले नव्हते. हेन्री ली यांचाही कल जॉन जे यांच्या बाजूने होता. म्हणजे हे मत त्या काळच्या शहाण्या माणसाला सुचण्यासारखे होते. ते बरोबर होते असे मी म्हणत नाही. पॅरिसमध्ये अमेरिकेचे दूत म्हणून बसलेल्या जेफर्सन यांनी जानेवारी १७८७ मध्ये व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन यांना लिहिले की नदी सोडणे म्हणजे पूर्व आणि पश्चिम प्रदेशांची फारकत करणे होय, आणि केंटकीतल्या लोकांचा स्वभाव पाहता मला तेच निदान अधिक अचूक वाटते.

राहिला घोडा. जॉन जे यांनी स्पेनमधून एक उमदा घोडा बाहेर नेण्याची परवानगी मागितली होती, राजाने परवानगीऐवजी घोडाच भेट दिला, आणि जॉन जे यांनी ते काँग्रेसला कळवून १७८६ च्या मार्चमध्ये तो स्वीकारण्याची संमती घेतली. ज्याला लाच पचवायची असते तो सभागृहाच्या नोंदीत ती लिहून ठेवत नाही. याच राजाने १७८५ मध्ये वॉशिंग्टन यांच्याकडे खेचरांच्या पैदाशीसाठी उत्तम जातीचे गाढव पाठवले होते, त्याचे नाव ‘रॉयल गिफ्ट’ ठेवले गेले, आणि त्या गाढवापायी वॉशिंग्टन स्पेनला फितूर झाले असे अद्याप कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. तरीही वेळ वाईट होती, हे मान्य करायला हवे. ज्या राजाशी तह ठरवायचा आहे त्याचाच घोडा दारात बांधला, तर विरोधकांना बोट दाखवायला जागा मिळते.

जॉन जे यांच्याबद्दल अंतिम मत काय बनवावे हे आपल्या प्रबंधाचा रोख काय आहे यावर अवलंबून राहील. हेतू तपासायचा असेल तर माद्रिदमधील १७८० ते १७८२ या वर्षांपासून सुरुवात करावी लागेल, कारण स्पेनच्या दरबारात सोसलेल्या अपमानानंतर त्या देशाबद्दल मनात गोडवा उरणे कठीण होते. परिणाम तपासायचा असेल तर केंटकी आणि टेनेसीतील पुढाऱ्यांकडे पाहावे लागेल. त्यांतले काही जण पुढे स्पेनशी परस्पर संधान बांधू लागले, आणि जेम्स विल्किन्सन १७८७ मध्ये थेट न्यू ऑर्लिन्सला जाऊन तिथले स्पॅनिश गव्हर्नर मिरो यांना भेटले. कागद तेच असले तरी या दोन प्रश्नांसाठी ते वेगळ्या क्रमाने लावावे लागतात.

आपल्या सध्याच्या प्रश्नापुरता क्रम सुचवतो. आधी २५ ऑगस्ट १७८५ ची सूचना, मग गार्दोकी यांचे २५ मे १७८६ चे पत्र, त्याला जोडून २९ मे ची मागणी, मग ३ ऑगस्टचे निवेदन, मन्रो यांचे १२ ऑगस्टचे पत्र आणि २९ ऑगस्टची मतनोंद. हे सगळे इंग्रजीत आणि बरेचसे इंटरनेटवर उपलब्ध आहे. एवढे झाल्यावर गार्दोकी यांचे खलिते घ्यावेत. ते स्पॅनिशमध्ये असून माद्रिदच्या राष्ट्रीय ऐतिहासिक अभिलेखागारात आहेत. स्पॅनिश येत नसेल तर दुय्यम ग्रंथांतील उताऱ्यांवर विसंबावे लागेल, आणि तसे करताना उतारा कोणत्या तारखेच्या खलित्यातला आहे हे तपासल्याशिवाय तो वापरू नये, कारण जॉन जे दांपत्याचे ते वर्णन नेहमी तारखेवाचून उद्धृत होते आणि जणू १७८६ च्या उन्हाळ्याचा निष्कर्ष असल्यासारखे वापरले जाते. मूळ कागद पाहायला मिळाले तर आणखी एक गोष्ट पाहा. स्पेनचे दूत आपल्या खलित्यांना क्रमांक देत आणि समुद्रात जहाज बुडण्याच्या भीतीने एकाच खलित्याच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी पाठवत. क्रमांकांत खंड दिसला तर खलिता हरवला असे लगेच धरू नका. दुसरी प्रत भलत्याच पुडक्यात बांधलेली असू शकते, आणि गोपनीय मजकूर बऱ्याचदा मुख्य पत्रात नसून सोबत जोडलेल्या वेगळ्या कागदावर असतो.